शूलपाणीच्या झाडीत उतरणाऱ्या वाटा

कार्तिकी एकादशी उलटली की इंदूरच्या मराठी घरांत पाहुण्यांची एक निराळीच वर्दळ सुरू होते. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर येथील आप्तेष्ट पाठीवर पडशी आणि हातात दंड-कमंडलू घेऊन उतरतात, एक रात्र विसावतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ओंकारेश्वराची वाट धरतात. नर्मदा परिक्रमा हा आपणां माळवा-निमाडकरांना घरासमोरचाच विषय आहे. पण महाराष्ट्रातून आलेल्यांच्या लेखी इंदूर म्हणजे परिक्रमेचे दार. यामुळे परिक्रमावासी पुढे गेल्यावर त्याच्या मागे राहिलेल्या कुटुंबीयांचे प्रश्नही आपल्याकडेच येतात. त्यांतील सर्वांत कठीण प्रश्न एकच असतो : "ते आता झाडीत शिरले आहेत. तिथे गाडीने पोहोचायचे झाले तर कुठून जायचे?"

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

झाडी म्हणजे काय?

अमरकंटकापासून भडोचजवळच्या समुद्रापर्यंत नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर आहे. एका तटाने जायचे व दुसऱ्या तटाने परतायचे म्हटल्यास सव्वीसशे किलोमीटर सहज होतात. वाटेची वळणे धरली तर त्याहूनही अधिक. नियम थोडे पण कडक. नदी सदैव उजव्या हाताला ठेवावी, तिचे पात्र कोठेही ओलांडू नये, संग्रह करू नये, मिळेल त्या सदावर्तावर निर्वाह करावा, चातुर्मासात एका जागी राहावे. ओंकारेश्वराच्या दक्षिण तटावर संकल्प सोडलेला मनुष्य पश्चिमेकडे चालू लागतो. रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांच्या समाधीवर माथा टेकतो. बडवानीजवळच्या राजघाटापर्यंत त्याला फारशी चिंता नसते. निमाडची गावे मोठी, माणसे सश्रद्ध, आश्रम ठिकठिकाणी. आठ-दहा दिवसांची ही वाटचाल तुलनेने सुखाची होते.

राजघाटानंतर मात्र सातपुडा आणि विंध्य नदीला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. निमाडचे सपाट रान संपते, डोंगरांची एकामागून एक रांग सुरू होते आणि गुजरातेत गोरा गावी नदी पुन्हा मोकळी होईपर्यंत ती सुटत नाही. हीच शूलपाणीची झाडी. नर्मदा येथे सुमारे ३५ किलोमीटर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांची, व पुढे सुमारे ३९ किलोमीटर महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा होऊन वाहते. तीन राज्यांच्या कडा जेथे एकत्र येतात, तेथे तिन्ही राज्यांचे रस्ते शेवटी पोहोचतात, हा आपल्या देशाचा जुना अनुभव आहे.

जुन्या परिक्रमावासींच्या कथनांत या झाडीचा धाक फार. येथील भिल्ल बांधव यात्रेकरूला अडवीत, कपडालत्ता, भांडे, घोंगडे सारे काढून घेत आणि लंगोटीवर पुढे सोडून देत. गंमत अशी की लुटणारा आणि लुटला जाणारा, दोघेही याला मैय्याची इच्छा मानीत. परिग्रह उरलाच असेल तर तो येथे सुटावा, म्हणून ही योजना आहे, असे साधू सांगत. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ज्यांनी वाचली असेल, त्यांना परिक्रमेच्या त्या काळाची कल्पना असेल. आता ते दिवस गेले. आज झाडीतील पाडे परिक्रमावासीला चहा पाजतात, भाकरी वाढतात, रात्री ओसरीवर जागा देतात. ज्यांच्याकडून कधीकाळी भय होते, त्यांच्याच आधारावर ही वाट आज चालते आहे.

वाट पाण्याखाली गेली, मग माणसे वर चढली

आजची वाट समजून घ्यायची तर सरदार सरोवराकडे पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाने १९७९ मध्ये धरणाची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर ठरविली. बांधकाम टप्प्याटप्प्याने वर गेले. २००६ अखेर ते १२१.९२ मीटरवर आले, २०१७ मध्ये दरवाजे बसवून प्रकल्पाचे लोकार्पण झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच काठोकाठ भरला. त्याची लांबी २१४ किलोमीटर आहे. तीन राज्यांतील २४५ गावांना या पाण्याची झळ पोहोचली : मध्य प्रदेशातील १९३, महाराष्ट्रातील ३३ आणि गुजरातेतील १९. महाराष्ट्रातील तेहेतीस गावांपैकी नऊ अक्कलकुवा तालुक्यातील व चोवीस अक्राणी, म्हणजे धडगाव, तालुक्यातील आहेत.

ज्या शूलपाणेश्वराच्या नावाने ही झाडी ओळखली जाते, त्याचे मणिबेलीजवळचे मूळ मंदिर गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातच जळात गेले. नवे मंदिर गोरा येथे उभे आहे. उत्तर तटावरील हापेश्वराचीही तीच गत होऊन त्याची स्थापना वरच्या बाजूस झाली. राजघाटावर गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या अस्थींवर उभारलेली समाधी होती. तीही २०१७ मध्ये हलवावी लागली.

मंदिरे हलविता येतात; पायवाट कशी हलविणार? नदीकाठाने गेलेली जुनी वाट बुडाल्यावर ती कोणी आखून दिली नाही, कोणी मोजली नाही. चालणाऱ्यांनीच हळूहळू ती डोंगरावर नेली. येथे धर्माचाही एक बारीक प्रश्न उत्पन्न झाला. उपनद्या ओलांडण्यास परिक्रमेत मनाई नाही. परंतु जलाशयाचे पाणी उपनदीच्या खोऱ्यात कित्येक किलोमीटर मागे शिरते. ते पाणी नर्मदेचे की उपनदीचे? ते ओलांडले तर नर्मदा ओलांडल्याचा दोष लागतो का? मार्कंडेय ऋषींनी परिक्रमा करताना उपनद्यांनाही उगमापाशी वळसा घातला अशी श्रद्धा आहे. आजच्या परिक्रमावासीने मधला मार्ग काढला : फुगवटा संपून उपनदीचे स्वतःचे वाहते पाणी जेथे लागेल, तेथे ती ओलांडायची. परिणामी वाट नदीपासून दूर, वर, धडगाव-मोलगीच्या पठाराकडे सरकली. म्हणजे ज्या नदीची प्रदक्षिणा करायची, ती झाडीच्या बऱ्याच भागात डोळ्यांना दिसतच नाही. जुने नकाशे आणि जुनी पुस्तके हाती घेऊन शोध करणाऱ्यांचा गोंधळ होतो तो येथेच. पुस्तकातील घाट पाण्याखाली असतो आणि आपला माणूस त्या घाटापासून दोन डोंगर अलीकडे चालत असतो.

झाडीची चार दारे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दक्षिण तटावरील झाडीत वाहनाने जाण्याची मुख्य दारे चार आहेत, असे मी नेहमी सांगतो. ती सगळीच एकमेकांना सरळ रस्त्याने जोडलेली नाहीत, हे आधी ध्यानात ठेवावे.

पहिले दार बडवानी. इंदूरहून आग्रा-मुंबई मार्गाने मानपूरचा घाट उतरून खलघाटला नर्मदा ओलांडावी आणि ठिकरीहून अंजडमार्गे बडवानी गाठावी. मध्य प्रदेशात राज्य परिवहन महामंडळ बंद पडल्यापासून बरीच मदार खासगी बसगाड्यांवर आहे. परंतु या मार्गावर त्यांची वाण नाही. बडवानीपासून बावनगजा जवळच आहे. तेथील आदिनाथांची चौऱ्याऐंशी फूट उंचीची मूर्ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. परिक्रमेची वाट तिच्याच पायथ्याजवळून पाटी आणि पुढे बोकराट्याकडे जाते. पाटीपर्यंत मोटार निर्वेध जाते. बोकराट्यापुढे भादलकडे उतरताना रस्त्याचा भरवसा ऋतूवर आणि जीपवाल्याच्या धाडसावर अवलंबून असतो.

दुसरे दार धडगाव. येथे बडवानीहून थेट जाता येईल असे नकाशा पाहणाऱ्यास वाटते, कारण कागदावर दोन्ही गावे शेजारी दिसतात. प्रत्यक्षात मध्ये सातपुड्याच्या रांगा उभ्या आहेत. वाहनाला मोठा वळसा घ्यावा लागतो : बडवानी, सिलावद, पलसूद, निवाली, खेतिया, मग महाराष्ट्रात शहादा, आणि तेथून म्हसावदमार्गे पुन्हा सातपुडा चढून धडगाव. जे अंतर परिक्रमावासी तीन-चार दिवसांत पायी तोडतो, त्यासाठी मोटारीचाही जवळजवळ अख्खा दिवस जातो. महाराष्ट्राकडून येणाऱ्यांनी मात्र इंदूरला येण्याचे कारणच नाही. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबारला उतरून शहादा अथवा तळोद्याहून धडगावला चढावे. तळोद्याकडून चांदसैलीचा घाट लागतो. धडगावहून बिलगावच्या दिशेने उतरले की आपण ऐन झाडीत पोहोचतो.

तिसरे दार मोलगी. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गावरील अक्कलकुव्याहून देवगोईच्या घाटाने मोलगीला एस.टी. जाते. भगर आणि आमचूर यांसाठी प्रसिद्ध असलेले हे बाजाराचे गाव. झाडीच्या पश्चिम भागात असलेल्या परिक्रमावासीला भेटायचे तर हेच ठिकाण सोयीचे.

चौथे दार गोरा. येथे झाडी संपते. केवडिया परिसरात २०१८ मध्ये सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिल्यापासून रस्ते रुंद झाले, रेल्वे आली, पर्यटकांची रीघ लागली. गोऱ्याहून झरवाणीपर्यंत मागे शिरता येते. त्यापुढे अभयारण्याचे रान आहे.

उत्तर तटाची झाडी हा स्वतंत्र विषय आहे. परतीच्या वाटेवर ती लागते. अलीराजपूरहून सोंडवामार्गे ककराण्यापर्यंत आणि गुजरातेतील कवाटहून हापेश्वरापर्यंत वाहन जाते, एवढे येथे सांगून पुढे जातो. उत्तरेकडे पोहोचलेला परिक्रमावासी तोवर पुरता मुरलेला असतो. घरच्यांचा जीव टांगणीला लागतो तो दक्षिणेकडेच.

दोन राज्ये, एक नाव

आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या पत्नीचे मामा, ठाण्याचे निवृत्त गृहस्थ, वय सदुसष्ट, परिक्रमेला निघाले होते. मार्गशीर्षात एके संध्याकाळी आमच्याकडे दूरध्वनी आला. धडगावच्या बाजारात आलेल्या कोणा शिक्षकाने एका चिठ्ठीवरील क्रमांक फिरविला होता. निरोप एवढाच : "बाबाजींना ताप आहे, भादलच्या एका पाड्यावर आहेत, चालवत नाही." पुढे काही विचारावे तो दूरध्वनी तुटला, आणि पुन्हा लागला नाही.

मामांचे दोघे मुलगे रातोरात ठाण्याहून निघून सकाळी इंदूरला आले. त्यांनी नकाशात भादल शोधून ठेवले होते. बडवानी जिल्ह्यातील पाटीच्या पुढे ते त्यांना सापडलेही होते. गाडी ठरविण्याची घाई चालली होती.

"भावोजी, चार-पाच तासांत पोहोचू ना?" धाकटा विचारीत होता.

मी त्यांना थांबविले. भादल नावाचे गाव मध्य प्रदेशातही आहे आणि महाराष्ट्रातही. राज्यांची सीमा आखली गेली तेव्हा डोंगरावरील वस्तीने आपले नाव वाटून घेतले, इतकेच. पण एका भादलला बडवानीहून जायचे आणि दुसऱ्याला धडगावहून. चुकीच्या दाराने शिरलो तर आजारी माणूस समोरच्या डोंगरावर असूनही त्याच्यापर्यंत पोहोचायला दुसरा दिवस उजाडणार. सदुसष्ट वर्षांच्या, तापाने फणफणलेल्या माणसाच्या बाबतीत एक दिवस म्हणजे थोडा नव्हे.

शिक्षकी पेशाचा एक लाभ असा की ज्या गावाला रस्ता नसतो, तेथेही शाळा असते. निदान शाळेचे नाव असते. माझे एक जुने सहकारी बदलीने पाटीकडे होते. त्यांनी आपल्या ओळखीच्या शिक्षकांकडे चौकशी केली. तासाभरात कळले की मध्य प्रदेशाकडील भादलच्या पाड्यांवर असा कोणी आजारी परिक्रमावासी नाही. पाच-सहा जणांचा एक जथा दोन दिवसांपूर्वी सीमा ओलांडून पुढे गेला आहे. दूरध्वनी धडगावच्या बाजारातून आला होता, तो का, याचाही उलगडा झाला. दूरध्वनी करणारा मनुष्य ज्या बाजाराला जातो, त्याच बाजाराच्या बाजूचा तो पाडा असणार. मुलांना खेतिया-शहादामार्गे धडगावला धाडले. रात्र तेथे काढून पहाटे जीपने ते बिलगावच्या दिशेने उतरले आणि शेवटचे दीड-दोन तास पायी गेले.

मामा एका पावरा कुटुंबाच्या ओसरीवर घोंगडी पांघरून पडलेले होते. तीन दिवस त्या घराने त्यांना ज्वारीची पेज पाजली होती; रात्री कोणी ना कोणी उशाशी बसून होते. पाड्यावरच्या तरुणांनी बांबूला चादर बांधून झोळी केली आणि आळीपाळीने खांदा देत मामांना रस्त्यापर्यंत आणले. धडगावच्या रुग्णालयात हिवतापाचे निदान झाले, उपचार झाले, आणि सहाव्या दिवशी ते आमच्या घरी इंदूरला आले.

मुलांनी त्या यजमानांना पैसे देऊ केले होते. ते त्यांनी घेतले नाहीत. ते म्हणाले, "झोळी आम्हाला नवी नाही. गेल्या पावसाळ्यात सून अशीच नेली होती. बाबाजी जगले. सुनेचे बाळ जगले नाही."

मुलांनी हे मला सांगितले तेव्हा आम्ही कोणीच काही बोललो नाही. आपल्या माणसासाठी आपण एक दिवस जो रस्ता शोधीत होतो, तो ती माणसे जन्मभर शोधीत आहेत.

रस्ता का पोहोचत नाही?

यात केवळ दुर्लक्ष आहे असे म्हणून भागणार नाही. भूगोलही आहे आणि नियमही आहेत. सातपुड्यातील गाव म्हणजे आपल्या निमाडसारखी एका जागी वसलेली वस्ती नव्हे. तेथे प्रत्येक कुटुंब आपापल्या शेताजवळ, डोंगराच्या उतारावर घर बांधते. अशी दहा-वीस घरे म्हणजे एक पाडा. मध्य प्रदेशात त्यालाच फळिया म्हणतात. असे पाच-दहा पाडे मिळून एक महसुली गाव होते आणि ते कित्येक किलोमीटर पसरलेले असते. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगरी व आदिवासी क्षेत्रात २५० लोकसंख्येच्या वस्तीला बारमाही रस्ता देण्याचे ठरविले. निकष सहानुभूतीचाच होता. तथापि पाड्याची लोकसंख्या अनेकदा तेवढीही भरत नाही. रस्ता गावाच्या एका पाड्याला स्पर्श करतो, कागदावर गाव जोडले जाते, आणि बाकीचे पाडे होते तेथेच राहतात.

त्यात जलाशयाची भर पडली. नदीकाठच्या गावांचे जुने व्यवहार नदीवरून व नदीकाठाने चालत. पाणी चढल्यावर कित्येक पाडे टेकड्यांच्या माथ्यावर बेटासारखे उरले. महाराष्ट्र विधानसभेचा पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ अक्कलकुवा, आणि त्यातील पहिले मतदान केंद्र मणिबेली. राज्याच्या यादीत अग्रस्थानी असलेल्या या गावी निवडणूक कर्मचारी जातात ते होडीने! नंदुरबार जिल्ह्यात आरोग्य खात्याला तरंगते दवाखाने ठेवावे लागले, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. बिलगावच्या लोकांनी २००३ मध्ये आंदोलनाच्या कार्यकर्त्यांच्या आणि तंत्रज्ञांच्या साहाय्याने उदई नदीच्या धबधब्यावर स्वतःच्या श्रमाने छोटा वीजप्रकल्प उभारला होता. २००६ च्या पुरात तो वाहून गेला.

जेथे रस्ते आहेत तेथेही ते घाटांचे आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला असता एका पतीने आपल्या आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन चालण्यास सुरुवात केली. तिचा वाटेतच अंत झाला. वृत्तपत्रांतून ती बातमी आपण वाचली असेल. म्हणून पावसाळ्यात या घाटांचा भरवसा धरू नये. परिक्रमा चातुर्मासात थांबते, या जुन्या नियमात केवढे व्यवहारज्ञान आहे, हे येथे पटते.

शिक्षक म्हणून एक नोंद करावीशी वाटते. जेथे सडक पोहोचली नाही, तेथे या लोकांनी जीवनशाळा काढल्या. १९९२ च्या सुमारास चिमलखेडी आणि निमगव्हाण येथे त्यांचा आरंभ झाला. नदीपलीकडे ककराण्यालाही अशी शाळा आहे. मुले आपल्या बोलीतून अक्षरे गिरवतात. परिक्रमावासींना त्यांच्या ओसरीवर निवारा मिळतो आणि बाहेरच्या जगाशी बोलणारा मनुष्यही तेथेच भेटतो.

जगातील इतर वाटा

दुर्गम पट्टा केवळ आपल्याच वाटेला आहे असे नाही. अमेरिकेत ॲपलाचियन पर्वतरांगेतून जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली, १९३७ मध्ये ती पूर्ण झाली. तिच्या उत्तर टोकाजवळ शंभर मैलांचा एक निर्जन पट्टा लागतो. त्याच्या तोंडाशीच फलक आहे की दहा दिवसांची शिधासामग्री जवळ असल्याविना पुढे जाऊ नये. लाकूडतोडीसाठी केलेले कच्चे रस्ते त्या वाटेला कोठे छेदतात, याची माहिती छापील नकाशांतून मिळते आणि कुटुंबीय नेमक्या त्या ठिकाणी जाऊन आपल्या माणसाला भेटतात.

आपल्या परिक्रमेत शिधा बरोबर नेण्याची चाल नाही. तेथे रान निर्जन आहे म्हणून फलक लावावा लागतो. आपल्या झाडीत माणसे आहेत म्हणून फलकाची गरज पडली नाही. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. मात्र नेमकी ठिकाणे नोंदवून ठेवण्याचा गुण आपण त्यांच्याकडून अवश्य घ्यावा.

अर्धवट राहिलेली परिक्रमा

आजारपणामुळे वाहनात बसावे लागले तर परिक्रमा खंडित झाली काय, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. यावर साधुमंडळींत मतभेद आहेत आणि निर्णय देण्याचा माझा अधिकार नाही. व्यवहारात पुष्कळजण असे करतात की जेथे पाऊल उचलले, ती जागा नीट लक्षात ठेवतात आणि बरे झाल्यावर त्याच जागी परत येऊन पुढचे पाऊल टाकतात. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ पासून तुकड्यातुकड्यांनीच परिक्रमा केली आणि तिच्यातून गुजराती व हिंदी साहित्याला अमोल ग्रंथ दिले. २०१८ मध्ये ते निवर्तले. नर्मदेवरील त्यांची भक्ती खंडित होती असे कोण म्हणेल? आपल्या भारती ठाकूर परिक्रमा करून परतल्या त्या निमाडातील मुलांचे शिक्षण डोक्यात घेऊनच, आणि लेपा येथे त्यांनी शाळा उभी केली. परिक्रमा संपल्यावरही चालू राहू शकते, याचा हा दाखला.

आमच्या मामांनीही माघ महिन्यात हट्टच धरला. मुलगे त्यांना पुन्हा धडगावमार्गे त्याच पाड्यावर घेऊन गेले. या वेळी गाडीत त्या घरासाठी दोन घोंगड्या आणि पाड्यावरील शाळेसाठी पाट्या-पुस्तके होती. तेथून मामा पुढे चालले आणि पुढच्या वर्षी ओंकारेश्वराला जल वाहून आले.

जाणाऱ्यांनी आणि मागे राहणाऱ्यांनी

शेवटी, अनुभवाने सुचलेल्या काही सूचना देतो. परिक्रमेस निघणाऱ्याने आपल्याजवळ घरच्यांचा क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. भ्रमणध्वनीची बॅटरी संपते, दरीत संपर्कही पुष्कळ ठिकाणी मिळत नाही, कागद मात्र कोणाच्याही हाती देता येतो. झाडीत शिरण्यापूर्वी बडवानीहून, मध्ये धडगावहून किंवा मोलगीहून, आणि बाहेर पडल्यावर गोऱ्याहून घरी खुशाली कळवावी. निरोप देताना केवळ गावाचे नाव सांगू नये. राज्य, तालुका, पाडा आणि जवळचा बाजार, या चार गोष्टी सांगाव्यात. मागे राहिलेल्यांनीही निरोप घेताना याच चार गोष्टी विचाराव्यात. विशेषतः बाजार विचारावा. मनुष्य ज्या बाजाराला जातो, त्याच बाजूने रस्ता असतो.

भेटीला जायचे तर आठवडी बाजाराचा दिवस साधावा. त्या दिवशी पाड्यापाड्यांवरून जीपगाड्या ये-जा करतात, एरवी तासन्‌तास वाट पाहावी लागते. हौसेखातर मोटार घेऊन झाडीत उतरू नये. कारण असेल तरच जावे, मुक्काम धडगाव किंवा मोलगी येथे करावा, आणि जीपमध्ये रिकामी जागा असेल तर परतताना कोणी आजारी, कोणी लेकुरवाळी रस्त्यापर्यंत यायची आहे काय, हे पाड्यावर आवर्जून विचारावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दोन्ही राज्यांत आहे, परंतु ती सडकेपर्यंतच येते. सडकेपर्यंत आणणारे खांदे पाड्यावरचेच असतात.

अहिल्याबाईंनी महेश्वरी राहून यात्रेकरूंसाठी घाट, धर्मशाळा आणि सदावर्ते उभारली, ती आपण इंदूरकर अभिमानाने सांगतो. वाटेवर चालणाऱ्याची सोय पाहणे हा या भूमीचा राजधर्म होता. झाडीतील पाडे आज तो धर्म आपल्या तुटपुंज्या धान्यातून पाळीत आहेत. त्यांच्या दारापर्यंत बारमाही सडक जावी, ती परिक्रमावासीला सोपे व्हावे म्हणून नव्हे, तर त्या सुनेसारख्या कोणाला पुन्हा झोळीतून जावे लागू नये म्हणून. आपल्या घरून परिक्रमेला जाणाऱ्या प्रत्येकाने आणि त्याला भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाने हे एवढे मागणे परत येताना सोबत आणावे आणि जेथे आपला शब्द पोहोचतो तेथे ते मांडावे.

नर्मदे हर!